अध्याहृत कर्त्याचा शोध : संगणकावरील अधिकारांचा इतिहास

१

संगणकावर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी एक वाक्य येते : 'परवानगी नाकारण्यात आली आहे.' हे वाक्य व्याकरणाच्या तासाला फळ्यावर लिहिले, तर कोणताही विद्यार्थी सांगेल की रचना कर्मणी वळणाची आहे आणि कर्ता अध्याहृत आहे. 'कळविण्यात येते की', 'अर्ज फेटाळण्यात येत आहे' या शासकीय मराठीच्या परिचित घराण्यातलेच हे वाक्य. कोणी नाकारले, हे सांगण्याची जबाबदारी त्यात कोणावरच येत नाही.

यंत्राने नाकारले, असे आपण चटकन म्हणतो. पण यंत्र फक्त तपासणी करते. तुम्ही कोण, तुम्हांला काय हवे आहे आणि तुमच्या नावापुढे काय लिहिलेले आहे, एवढे पाहून ते उत्तर देते. नावापुढचे ते लेखन कोणीतरी केलेले असते. ते करण्याचा अधिकार त्या कोणाला तरी आणखी कोणीतरी दिलेला असतो. प्रस्तुत लेखात आम्ही या अध्याहृत कर्त्याचा माग काढीत, संगणकावरील खात्यांचे प्रकार आणि त्यांचे अधिकार कसे घडत गेले, ते पाहणार आहोत.

साहित्याच्या अध्यापकांनी या विषयात का शिरावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर या इतिहासाच्या परिभाषेतच आहे. संगणकाच्या जगात अधिकारांची मूळ क्रियापदे दोनच, वाचणे आणि लिहिणे. कोण फक्त वाचू शकतो, कोण लिहू शकतो, आणि लिहिण्याची मुभा कोण कोणाला देतो, हा प्रश्न पोथ्यांच्या काळापासून आपल्या अभ्यासाचा आहे. फरक इतकाच की येथे तो प्रश्न अतिशय स्पष्ट, जवळजवळ गणिती रूपात मांडला गेला, आणि त्याची प्रत्येक उत्तरे देणारी माणसे आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत.

२

आरंभीच्या संगणकांना खाती नव्हती, कारण त्यांची गरजच नव्हती. एका वेळी एकच काम यंत्रावर चाले. संशोधकाने छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा चालकाकडे द्यावा आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, छापील निकाल घ्यायला यावे, अशी रीत होती. अधिकारांचा प्रश्न यंत्राच्या बाहेर, खोलीच्या दारावर सुटत असे. कोणाचा गठ्ठा आधी घ्यायचा, हे चालक ठरवी.

हे चित्र बदलले ते कालविभागणीच्या कल्पनेमुळे. यंत्राचा वेळ अगदी बारीक तुकड्यांत वाटून अनेकांना एकाच वेळी, आपापल्या टंकयंत्रावरून, जणू ते यंत्र आपल्या एकट्याचेच आहे अशा रीतीने वापरता यावे, ही ती कल्पना. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथे फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये अशा प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखविले. तिचे नाव 'कॉम्पॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टीम', संक्षेपाने सीटीएसएस.

एकाच यंत्रात अनेकांच्या फाईली आल्या आणि दोन नवे प्रश्न उभे राहिले. पहिला, कोणाची फाईल कोणती. दुसरा, कोणी किती वेळ वापरला. कारण यंत्राचा वेळ फार महाग होता आणि प्रत्येकाला त्याचा ठरावीक वाटा मिळे. या दोन्ही गरजांतून 'खाते' जन्माला आले. हा शब्द आपण बँकेशी जोडतो, आणि तो जोड येथे चुकीचा नाही. संगणकावरचे खाते हे आरंभी खरोखरच हिशेबाचे खाते होते. त्या खात्यावर दुसऱ्या कोणी बसू नये म्हणून आला परवलीचा शब्द. छावणीच्या पहारेकऱ्याचा हा जुना उपाय कॉर्बाटो यांना सर्वांत सरळ वाटला. आज ज्या पासवर्डाने आपला दिवस सुरू होतो, त्याचा संगणकावरचा पहिला ठळक वापर हाच.

परंतु पहारेकऱ्याला शब्द ओळखता यायचा, तर त्याच्याजवळ शब्दांची यादी हवी. ती यादी यंत्रातच एका फाईलमध्ये होती. ॲलन शेर हे तेथील पीएच.डी.चे विद्यार्थी. त्यांना आठवड्याला चार तास मिळत आणि त्यांच्या प्रयोगांना ते पुरत नसत. १९६२ साली त्यांच्या ध्यानात आले की कोणतीही फाईल छापून मागण्याची विनंती कार्डावर देता येते, आणि त्या विनंतीची कोणी चौकशी करीत नाही. त्यांनी परवलीच्या शब्दांची फाईलच छापून मागितली. ती मिळाली, आणि त्यांचा वेळेचा प्रश्न इतरांच्या खात्यांवर सुटला. ही हकीकत त्यांनी स्वतःच, सीटीएसएसच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त २०११ साली लिहिली.

दुसरा प्रसंग कॉर्बाटो यांनी १९९० च्या ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितला आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यात एके दिवशी प्रणालीत प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाच्या टंकयंत्रावर, रोजच्या सूचनेऐवजी, सर्व वापरकर्त्यांच्या परवलीच्या शब्दांची यादी उमटू लागली. दोन व्यवस्थापक एकाच वेळी, एक सूचना आणि दुसरा यादी, दुरुस्त करीत होते; संपादनाची आज्ञावली दोघांसाठी एकाच नावाची तात्पुरती फाईल वापरीत होती; आणि दोन्हींची अदलाबदल झाली. एका खात्यावर एका वेळी एकच माणूस काम करील, असे त्या आज्ञावलीत गृहीत धरलेले होते. व्यवस्थापकांचे खाते मात्र सामायिक झालेले होते. कुलूप ज्यांच्या हाती, त्यांच्याकरिता मात्र कोणी कुलूप केलेले नव्हते. हे दुखणे पुढील प्रत्येक पिढीत निराळ्या वेषात भेटते.

३

सीटीएसएसच्या अनुभवावरून एमआयटी, बेल लॅबोरेटरीज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी एकत्र येऊन मल्टिक्स ही महत्त्वाकांक्षी प्रणाली हाती घेतली. तिचा आराखडा १९६५ साली एका परिषदेत सहा निबंधांच्या रूपाने मांडला गेला. वीज किंवा टेलिफोन यांच्याप्रमाणे संगणनाची सेवा साऱ्या शहराला अखंड पुरवता यावी, हे तिचे स्वप्न होते. आता एकमेकांना न ओळखणारी माणसे एका यंत्रावर येणार होती.

म्हणून मल्टिक्सने प्रत्येक फाईलबरोबर एक यादी ठेवली. कोणाला वाचता येईल, कोणाला लिहिता येईल, हे त्या यादीत नावानिशी असे. त्यात माणसाचे नाव एकटे येत नसे. त्याच्याबरोबर तो ज्या प्रकल्पासाठी काम करतो आहे, त्याचेही नाव येई. तोच माणूस दुसऱ्या प्रकल्पातून आत आला, तर त्याचे अधिकार वेगळे. व्यक्ती आणि व्यक्तीची भूमिका यांतला भेद येथे प्रथमच इतक्या काटेकोरपणे नोंदला गेलेला आम्हांला दिसतो. याखेरीज मल्टिक्सने एकात एक अशी वर्तुळे कल्पिली. सर्वांत आतल्या वर्तुळात प्रणालीचा गाभा, बाहेरच्या वर्तुळांत सामान्य आज्ञावल्या. बाहेरून आत जायचे, तर नेमून दिलेल्या दारांतूनच.

या साऱ्याला तात्त्विक बैठक दिली ती बटलर लॅम्पसन यांनी १९७१ च्या आपल्या निबंधात. त्यांनी एक साधा तक्ता कल्पिला. ओळींत कर्ते, म्हणजे वापरकर्ते आणि त्यांच्या वतीने चालणाऱ्या आज्ञावल्या. स्तंभांत वस्तू, म्हणजे फाईली, यंत्रे इत्यादी. आणि प्रत्येक चौकोनात त्या कर्त्याला त्या वस्तूबाबत असलेले अधिकार. खात्यांचे सर्व प्रकार आणि सर्व परवानग्या या तक्त्यात मावतात.

तक्ता दोन रीतींनी वाचता येतो, आणि त्यांतून दोन वेगळ्या व्यवस्था निघतात. एखाद्या जुन्या वाड्याची कल्पना करावी. देवडीवरच्या पहारेकऱ्याजवळ नावांची यादी आहे आणि तो प्रत्येकाला नाव विचारतो. ही स्तंभाची रीत, मल्टिक्सने स्वीकारलेली. किंवा वाड्याच्या खोल्यांच्या किल्ल्या ज्याच्या त्याला दिलेल्या आहेत, आणि किल्ली असणारा नाव न सांगता आत जातो. ही ओळीची रीत. यादी असली की या खोलीत कोण कोण येऊ शकते, ते लगेच कळते. मात्र अमुक एक माणूस वाड्यात कोठे कोठे जाऊ शकतो, हे कळायला प्रत्येक दार पालथे घालावे लागते. किल्ल्यांचे नेमके उलट. शिवाय किल्ली दुसऱ्याच्या हाती देता येते आणि परत मागणे कठीण जाते. संगणकाच्या इतिहासात यादीची रीत अधिक रुळली, तरी किल्लीची रीत कधीच नाहीशी झाली नाही. 'ज्याच्याजवळ हा दुवा असेल त्याला दस्तऐवज वाचता येईल', अशी सोय आज आपण सर्रास वापरतो; ती किल्लीच आहे.

मल्टिक्सची भव्यता तिला झेपली नाही, असे अनेकदा म्हटले जाते. बेल लॅबोरेटरीजने १९६९ मध्ये तिच्यातून अंग काढून घेतले, हे खरे. पण कॅनडाच्या संरक्षण विभागात, हॅलिफॅक्स येथे, शेवटचे मल्टिक्स यंत्र बंद झाले ते ३० ऑक्टोबर २००० रोजी, हेही ध्यानात ठेवायला हवे.

४

बेल लॅबोरेटरीजमध्ये मागे राहिलेल्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली, हाताशी असलेल्या पीडीपी-७ या लहान यंत्रावर, एक आटोपशीर प्रणाली रचायला घेतली. तिचे नाव युनिक्स. नावातच मल्टिक्सवर कोटी आहे. अधिकारांच्या बाबतीतही त्यांनी हीच काटकसर केली. प्रत्येक फाईलबरोबर नावांची लांबलचक यादी बाळगण्याऐवजी त्यांनी जगाचे थोडेसेच वर्ग केले. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत तर दोनच वर्ग आहेत, मालक आणि मालक नसलेले. पुढच्या काही वर्षांत मधला वर्ग आला आणि आजची त्रयी पुरी झाली : मालक, गट आणि इतर. क्रियापदेही तीन : वाचणे, लिहिणे, चालवणे.

तीन वर्ग आणि तीन क्रियापदे मिळून नऊ होकार किंवा नकार, आणि ते साठवायला नऊ अंश पुरतात. वाचण्याचे मोल चार, लिहिण्याचे दोन, चालवण्याचे एक, असे धरून प्रत्येक वर्गाची बेरीज केली की तीन अंकी आकडा तयार होतो. ६४४ याचा अर्थ, मालकाने वाचावे आणि लिहावे, गटाने व इतरांनी केवळ वाचावे. ७५५ म्हणजे मालकाला सर्व काही, बाकीच्यांना वाचण्याची आणि चालवण्याची मुभा. ७७७ म्हणजे सर्वांना सर्व काही. एका समाजाची मालकी, विश्वास आणि परकेपणा यांविषयीची कल्पना इतक्या थोडक्या चिन्हांत क्वचितच मावली असेल.

या त्रयीचे बळ तिच्या साधेपणात आहे आणि तिची मर्यादाही तेथेच. एखादी फाईल गटातल्या दोघांना दाखवायची आणि तिसऱ्याला नाही, हे नऊ अंशांत सांगता येत नाही. त्यासाठी नवा गट करावा लागतो. आणि 'इतर' या एका शब्दात सारे उरलेले जग कोंबले जाते. शेजारच्या टेबलावरचा सहकारी आणि कोठला तरी पूर्ण अनोळखी माणूस, दोघेही इतर.

आणखी एक बारकावा विद्यार्थ्यांनी जरूर पाहावा. वर दिलेल्या तीन क्रियापदांत एक चौथे क्रियापद लपलेले आहे, ते म्हणजे अधिकार बदलणे. फाईल वाचण्याची परवानगी मालकाने स्वतःपुरती काढून टाकली, तर युनिक्स त्याला ती फाईल वाचू देत नाही, मग इतरांना ती वाचता येत असली तरीही. पण तो मालक पुढच्याच क्षणी ती परवानगी स्वतःला परत देऊ शकतो. म्हणजे मालकीचा खरा अर्थ वाचणे-लिहिणे हा नव्हे; कोणी वाचावे व लिहावे हे ठरविता येणे, हा मालकीचा अर्थ. गटाला लिहिण्याची मुभा कितीही मिळाली, तरी हे चौथे क्रियापद त्याला मिळत नाही.

आणि या साऱ्यांच्या वर एक खाते आहे, ज्याला हे नऊ अंश अडवीतच नाहीत. त्याचा क्रमांक शून्य, नाव 'रूट', म्हणजे मूळ. रूट कोणाचीही फाईल वाचतो, पुसतो, मालक बदलतो. प्रणाली बिघडली तर दुरुस्त करायला कोणीतरी असे हवे, हा त्यामागचा व्यवहार. परंतु बाकी सर्वांसाठी बारकाईने रचलेली व्यवस्था एका खात्यापुरती संपूर्ण स्थगित होते, हेही तितकेच खरे.

यातून एक अडचण उभी राहिली. परवलीचा शब्द तर प्रत्येकाला स्वतःचा बदलता आला पाहिजे. पण तो ज्या फाईलमध्ये असतो ती लिहिण्याचा अधिकार केवळ रूटला. रिची यांनी यावर तोड काढली, ती अशी. एखाद्या आज्ञावलीवर एक विशेष खूण करायची. ती खूण असली की आज्ञावली चालवणाऱ्याच्या नव्हे, तर तिच्या मालकाच्या अधिकाराने ती चालते. शब्द बदलण्याची आज्ञावली रूटच्या मालकीची. ती मी चालवली तर तेवढ्यापुरते रूटचे सामर्थ्य तिला मिळते, मात्र ती फक्त माझाच शब्द बदलू देते. आपल्याकडील मुखत्यारपत्राची ही कल्पना. रिची यांच्या या युक्तीच्या पेटंटासाठी १९७३ मध्ये अर्ज झाला आणि ते १९७९ मध्ये मंजूर झाले. बेल लॅबोरेटरीजने पुढे ती सर्वांसाठी खुली केली.

मुखत्यार गोंधळला तर काय होते, हे नॉर्म हार्डी यांनी १९८८ च्या एका छोट्या लेखात दाखविले. एका भाषांतरक आज्ञावलीला, म्हणजे कंपायलरला, आपल्या कामाच्या नोंदी लिहिण्यासाठी एका विशेष जागेत लिहिण्याचा अधिकार दिलेला होता. त्याच जागेत बिलांच्या हिशेबाची फाईलही होती. एका वापरकर्त्याने आपल्या कामाचा तपशील 'या फाईलमध्ये लिही' असे सांगताना बिलांच्या फाईलचेच नाव दिले, आणि आज्ञावलीने स्वतःच्या अधिकाराने ती फाईल पुसून वर लिहिले. वापरकर्त्याला तो अधिकार नव्हता. आज्ञावलीला होता, पण दुसऱ्याच कामासाठी. मुखत्याराने आपण कोणाच्या वतीने आणि कोणत्या कामासाठी बोलतो आहोत याचा विसर पडू देऊ नये, हा कायद्यातला जुना धडा संगणकशास्त्राला नव्याने गिरवावा लागला.

५

या व्यवस्थेला विरोध झालाच नाही, असे मानण्याचे कारण नाही. एमआयटीच्याच कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक प्रणाली घडली. तिच्यात परवलीचे शब्द नव्हते. कोणीही कोणाची फाईल वाचावी, दुरुस्त करावी. फार काय, सारी प्रणाली बंद पाडण्याची आज्ञाही सर्वांना उपलब्ध होती. जे कोणालाही करता येते ते करण्यात पराक्रम उरत नाही, अशी त्यामागची धारणा.

या वातावरणात १९७१ पासून वावरलेले रिचर्ड स्टॉलमन यांना पासवर्ड हा स्वातंत्र्यावरचा आघात वाटला. १९७७ साली एमआयटीच्या संगणकशास्त्र प्रयोगशाळेने परवलीचे शब्द आणले, तेव्हा स्टॉलमन यांनी ते उलगडण्याची रीत शोधली आणि वापरकर्त्यांना त्यांचेच शब्द कळवून सुचविले की त्याऐवजी कोरा शब्द ठेवा. सुमारे वीस टक्के लोकांनी ते मानले. १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा त्यांनीच केली. त्या प्रकल्पाच्या माहितीपुस्तिकेत त्यांनी १९८४ मधील एक प्रसंग नोंदविला आहे. प्रयोगशाळेतील काही जणांनी व्यवस्थापकाच्या खात्याचा शब्द बदलून तो इतरांपासून लपवून ठेवला. स्टॉलमन यांच्या लेखी ते सत्ता बळकावणेच होते, आणि प्रणालीच्या गाभ्यातच बदल करून त्यांनी ते मोडून काढले. रूटचा शब्द ठाऊक असला तरी विशिष्ट गटाबाहेरच्या कोणाला रूट होऊ द्यायचे नाही, हा अनेक युनिक्स प्रणालींतला नियम ग्नूच्या आज्ञेत त्यांनी ठेवला नाही, त्याचे कारण म्हणून ही हकीकत येते.

स्टॉलमन यांची बाजू आम्हांला भाबडी वाटत नाही. 'सुरक्षितता' या शब्दाआड थोड्यांची सत्ता उभी राहते, ही त्यांची शंका अनेक संस्थांच्या अनुभवाला पटणारी आहे. पण त्यांची खुली प्रयोगशाळा एकमेकांना तोंडओळखीने जाणणाऱ्या मूठभर माणसांची होती. रुग्णाचे कागद, कर्मचाऱ्यांचे पगार, परीक्षेचे गुण तेथे नव्हते. ज्यांची माहिती यंत्रात आहे पण जे स्वतः यंत्रावर कधीच बसत नाहीत, अशा माणसांचा विचार खुल्या दारांच्या या नीतीत नाही. त्या अनुपस्थित माणसाच्या वतीने कोणीतरी 'नाही' म्हणायला हवे.

'नाही' कसे म्हणावे, याचा नेमका विचार जेरोम सॉल्त्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ च्या प्रसिद्ध निबंधात केला. दोघेही मल्टिक्सच्या कामातले. त्यांनी मांडलेल्या आठ तत्त्वांपैकी तीन येथे पुरेत. प्रत्येकाला त्याच्या कामापुरतेच किमान अधिकार असावेत. स्पष्ट परवानगी नसेल, तर उत्तर नकार हेच असावे. आणि मोठ्या कृतीला शक्य तेथे दोन किल्ल्या लागाव्यात, दोन वेगळ्या हातांतल्या.

पुढची वाटचाल म्हणजे या तत्त्वांचे हळूहळू व्यवहारात उतरणे. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील शाखेत बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी 'सुडो' ही आज्ञा रचली. रूटचा शब्द साऱ्यांना वाटण्याऐवजी, अमुक माणसाने अमुक एवढीच आज्ञा रूटच्या अधिकाराने द्यावी, आणि त्याची नोंद राहावी, अशी सोय त्यामुळे झाली. पहारेकरीही मर्त्यच असतो, याची आठवण या आज्ञेनेही करून दिली. जुलै २०११ पासून तिच्यात असलेला एक दोष, ज्यामुळे साध्या वापरकर्त्याला रूट होता येत होते, जानेवारी २०२१ मध्ये उघड झाला.

१९९२ मध्ये डेव्हिड फेरायोलो आणि रिक कुन यांनी अधिकार व्यक्तीला न देता भूमिकेला द्यावेत, असा पद्धतशीर विचार मांडला. 'भूमिका' हा शब्द आपल्या परिचयाचा, रंगभूमीवरचा. नट बदलला तरी भूमिका राहते, आणि एकच नट दोन भूमिका करू शकतो, पण काही भूमिका एकाच प्रवेशात एका नटाला करता येत नाहीत. परीक्षेचे गुण भरणे ही अध्यापकाची भूमिका. भरलेले गुण कायम करणे ही दुसऱ्या कोणाची. दोन्ही एकाच खात्याकडे असतील, तर तपासणी नावापुरती उरते. आपल्या महाविद्यालयांतील अध्यापकांना गुण 'कायम' झाल्यावर त्यांत बदल करता येत नाही, याचा त्रागा होतो. पण त्या नकाराने विद्यार्थ्याचेही रक्षण होते आणि आपलेही.

घरगुती संगणकावर मात्र ही तत्त्वे फार उशिरा आली. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीत मर्यादित खात्याची सोय होती. परंतु आरंभी तयार होणारे खाते सर्वाधिकारी असे, आणि अनेक आज्ञावल्या मर्यादित खात्यावर नीट चालत नसत. परिणामी लक्षावधी लोक पत्र वाचायलाही सर्वाधिकार घेऊन बसत, आणि पत्राबरोबर आलेल्या विषाणूला तेच अधिकार आयते मिळत. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाने प्रत्येक मोठ्या कृतीपूर्वी संमती विचारायला सुरुवात केली, तेव्हा लोक वैतागले आणि न वाचताच 'हो' म्हणू लागले. संमती वारंवार मागितली की तिचा अर्थ झिजतो, हे भाषेच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको.

६

अखेरीस एका अशा ठिकाणी यावे, जेथे हा सारा इतिहास मराठीतही घडतो आहे. विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश इंग्रजीत १५ जानेवारी २००१ रोजी आणि मराठीत १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याची मूळ प्रतिज्ञा स्टॉलमन यांच्या प्रयोगशाळेला जवळची होती : कोणीही यावे, कोणीही लिहावे. पण तेथेही पायऱ्या घडत गेल्या. २००५ साली जॉन सीगेनथालर या अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रलेखात कोणीतरी बदनामीकारक खोटा मजकूर घातला आणि तो काही महिने तसाच राहिला. त्यानंतर त्याच वर्षीच्या डिसेंबरात इंग्रजी विकिपीडियाने नोंदणी न केलेल्यांची नवा लेख सुरू करण्याची मुभा काढून घेतली. पाठोपाठ काही लेख अगदी नव्या खात्यांपुरते बंद ठेवण्याची रीत आली.

मराठी विकिपीडियाने या पायऱ्यांना दिलेली नावे पाहण्यासारखी आहेत. नोंदणी केलेला तो सदस्य. लेख वगळणे, सुरक्षित करणे, एखाद्याला लिहिण्यापासून रोखणे हे अधिकार असलेला तो प्रचालक. आणि माणसाने नेमून दिलेली कामे निमूटपणे करणारी आज्ञावली, जिला इंग्रजीत यंत्रमानवाच्या नावाचा तुकडा दिला गेला, तिला मराठीने म्हटले सांगकाम्या. या शब्दात मुखत्याराचा सारा सिद्धान्त आलेला आहे. सांगकाम्या लिहितो, पण सांगतो दुसराच. आणि म्हणून त्याच्या लेखनाची जबाबदारी सांगणाऱ्यावर राहते.

या ज्ञानकोशातील आम्हांला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट कोणत्याही एका पायरीत नाही. प्रत्येक बदलापुढे तो करणाऱ्याची खूण असते. प्रचालकाने लेख वगळला, कोणाला रोखले, तर ती कृती त्याच्या सदस्यनामासह, कारणासह, तारखेसह सर्वांना दिसणाऱ्या नोंदीत जाते. तेथे नकाराला कर्ता असतो. ही व्यवस्था निर्दोष आहे असे नाही. वगळलेला मजकूर प्रचालकांनाच दिसतो, म्हणजे येथेही वाचण्याचे अधिकार समान नाहीत. आणि थोडे प्रचालक असलेल्या लहान भाषेत नोंद तपासणारे डोळेही थोडेच असतात. तरीही ज्याचा निर्णय खटकला त्याच्याशी नावानिशी वाद घालता येतो, हे अंतर फार मोठे आहे.

येत्या काळात आपली हस्तलिखिते, कोश, पाठ्यक्रम, विद्यार्थ्यांची प्रगतिपुस्तके अशाच खात्यांच्या आड जात राहणार. ती जाऊ नयेत, असा आमचा आग्रह नाही. काही नकार आवश्यक असतात, हे वर आलेच आहे. मात्र एखादी संस्था जुन्या पोथ्यांचे छायाचित्रण करून ती संगणकावर ठेवते, तेव्हा 'वाचक' या खात्याला काय दिसेल एवढेच विचारून साहित्याच्या अभ्यासकाने थांबू नये. 'इतर' म्हणून कोणाला मोजले आहे, चौथे क्रियापद कोणाच्या हाती आहे आणि त्याच्या वापराची नोंद कोणाला पाहता येते, हेही त्याने विचारावे. हे प्रश्न तंत्रज्ञांचे आहेत असे समजून आपण बाजूला झालो, तर त्यांची उत्तरे आपल्या वतीने दुसरे कोणी लिहील, आणि ते उत्तरही आपल्याला कर्मणी प्रयोगातच मिळेल.